वरचं कुरण, खालची जमीन आणि चार खुंट

मी, खाली सही करणारी रादोयका, मिलिसाव सुताराची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार ग्लिनोवाच, कमरेत वाकलेली पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही धाकदपटशाला न जुमानता (तसा जन्मात कधी जुमानला नाही) राजीखुशीने लिहून ठेवते ते असे की :

एक. माझं सारं काही माझ्या एकुलत्या नातीला, यास्नाला मिळावं. तिला मार्चमध्ये बाळ होणार आहे आणि त्याआधी वरच्या कुरणावर, माझ्या घराशेजारी, तिला नव्या घराचा पाया घालायचा आहे. तो तिनं तिथं घालू नये, एवढ्यासाठी हा सगळा कागद.

दोन. माझं घर. ते त्र्याहत्तर साली बांधलं. त्या कुरणाची माती मी कुदळलेली होती. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जाई, वसंतात ती बूट काढून घेई. ओल्या मातीची वळी वळली तर बोटाभोवती गुंडाळावी, तुटायची नाही. नवऱ्याला म्हटलं, "आधी खड्डा खणून पाणी ओतून बघ." तो म्हणाला, "भिंती मी बघतो, तू मिरच्या बघ." मग रीतीप्रमाणे कोनशिलेवर कोंबडा कापला, मुंडकं पायाच्या खड्ड्यात पुरलं, पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं. त्या मातीत कोणी डोकावलं असेल तर फक्त त्या कोंबड्यानं, आणि त्याला कोणी विचारलं नाही. तिसऱ्या वसंतात पुढचं दार अडकलं. मिलिसावनं ते रंध्यानं तासलं. पुढच्या वसंतात पुन्हा तासलं. आज ते दार वरून रुंद आणि खालून अरुंद आहे, आणि घर नदीकडे बघायला दरवर्षी थोडं पुढं सरकतं. हे घर पाडावं. कौलं चांगली आहेत, ती वापरावीत.

तीन. शेजारी तिहोमिर हा आमचा कूम, म्हणजे लग्नातला साक्षीदार. आमच्याकडे हे नातं रक्ताहून जवळचं. "जमीन ती जमीन, तिला काय विचारायचं," हे ज्ञान मिलिसावला त्यानंच दिलं. त्याच ज्ञानावर त्यानं आपल्या संडासाचा शोषखड्डा माझ्या वाफ्याच्या वरच्या अंगाला, निव्वळ चिकणमातीत खणला. त्या मातीत पाणी मुरत नाही. ते गुपचूप माझ्या मिरच्यांत उतरलं. त्या साली मिरच्या मनगटाएवढ्या झाल्या. भाजून, सोलून, दोन तास शिजवून त्यांचा आयवार, म्हणजे बरणीतली चटणी, केला, म्हणून कोणी दगावलं नाही. कूमनं चार बरण्या नेल्या आणि सणाला पाहुण्यांसमोर म्हणाला, "रादोयकाच्या हाताला चवच वेगळी." आता सांगते : चव तुझीच होती, कूम. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं ऐकलं, म्हणून त्याला साक्षीदार केलं आहे.

चार. यास्नाला अट. दोन्ही जागी, वर कुरणावर आणि खालच्या जमिनीत अक्रोडाच्या झाडापाशी, गुडघाभर खड्डा खणायचा आणि पाण्यानं भरायचा. पहिलं पाणी माती नुसती पिते, त्यावर विश्वास ठेवू नये. ते मुरलं की पुन्हा भरायचं आणि शेजारी बसायचं. खाली अक्रोडापाशी कॉफी निवेपर्यंत पाणी वीतभर उतरेल. वर ते दुसऱ्या दिवशीही तुझं तोंड दाखवेल. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि लांब घ्यावा; कूमला विचारू नये.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "आजी, वरून नदी दिसते. खालून काय दिसणार? तिहोमिरआजोबांची डुकरं."

"डुकरं दिसू देत. ती निदान दार अडवत नाहीत."

"आजोबांनी वरच बांधलं ना? त्यांना कळत नव्हतं?"

याचं उत्तर पुढच्या कलमात देते.

पाच. घेवड्याचे खुंट. ब्याऐंशी साली, सातव्यांदा दार तासल्यावर, मिलिसावनं खाली अक्रोडापाशी चार खुंट ठोकले. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाला, "घेवड्याला." घेवड्याला आठ-नऊ पावलांवर खुंट लागतात हे मी तेव्हाच ऐकलं. शिवाय बुडं जाळून काळी केलेली, कुजू नयेत म्हणून. घेवड्याच्या काठ्यांचे एवढे लाड कोणी करत नाही. तो गावात गेल्यावर मी पावलं मोजली : आठ बाय नऊ, आमचं घर तेवढंच. मधे फळीखाली एक खड्डा होता, गुडघाभर, तळाला ओल.

तो बोलला नाही. मीही नाही. तो हरला हे त्याच्या तोंडून ऐकायची मला फार हौस होती, आणि त्या हौसेपायी तो मरेपर्यंत आम्ही दोघं सरकत्या घरात राहिलो. मी चारही खुंटांना घेवडा लावला, दरसाल. दोन कुजले, तेव्हा त्याच भोकांत नवे ठोकले, तेही त्याला न सांगता. मला त्याची फार आठवण येते.

यास्ना, त्याला कळत होतं. घर त्या चार खुंटांत बांध. कोंबडा कापू नकोस.

सहा. माझी कुदळ यास्नाला. तासलेलं दार माझ्या शवपेटीला वापरावं. खालच्या अरुंद बाजूला पाय येतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

ग्लिनोवाच, १२ ऑक्टोबर २०१९
(सही) रादोयका

साक्षीदार :
१. देसांका, पोस्टमास्तरीण (सही)
२. तिहोमिर, कूम (सही). कलम तीन वाचलं. खुंट ठोकताना मापाच्या दोरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं. कोणाला न सांगण्याची शपथ मिलिसावनं घातली होती.