सरकारी कुलपाची किल्ली

मी, भालचंद्र विनायक पिंपळापुरे, वय पंच्याहत्तर, सेवानिवृत्त सरकारी नोकर, राहणार कोलार रोड, भोपाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या खोलीत, दार सताड उघडे ठेवून लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात रक्तदाब लिहिला आहे, साखर लिहिली आहे. भीती लिहिलेली नाही, कारण मी त्यांना ती सांगितली नाही. २०१९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे खरे होते, फक्त एक गोष्ट नव्हती.

१. कोलार रोडचा फ्लॅट मुलगा तुषार आणि सून अमृता यांना, कलम सहामध्ये लिहिलेल्या अटीवर. मी मे महिन्यापासून न्हाणीघराची कडी लावत नाही, याचा या दोघांना फार त्रास झाला. अमृताने एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. तुषारने काढले, पण तेही फारसे चुकीचे नव्हते.

२. माझी पत्नी कै. कमल हिचे दागिने मुलगी क्षितिजा हिला. ती अमेरिकेत केंटकी राज्यात राहते. तिथे ते घालायला जागा नाही हे मला ठाऊक आहे, तरी तिचेच. महालक्ष्म्यांचे मुखवटे आमच्या घरात नागपूरहून आले. १९५६ साली नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा वडिलांनी फाइलींच्या आधी मुखवट्यांची पेटी ट्रकवर चढवली होती. ते अमृताकडे राहतील. झेपले तर बसवावे, नाही झेपले तर मनाला लावून घेऊ नये.

३. माझा हायड्रोमीटर, म्हणजे दारूची तीव्रता मोजायची काचेची नळी, थर्मामीटर आणि मखमली पेटी: ज्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला हवी असेल तिला. ही अबकारी खात्याची नाहीत, मी पदरचे पैसे घालून घेतली होती. अल्युमिनियमची शिडी माझी आहे, पण २०१६ पासून शेजारी विश्वास दंडिगे यांच्या गॅलरीत आहे. ती ज्याला परत आणता येईल त्याची.

४. कपाटात केंटकीहून आणलेली बर्बन व्हिस्कीची एक न उघडलेली बाटली आहे. जावई गौरांग यांनी मोठ्या प्रेमाने घेऊन दिली. मी एकवीस वर्षे दारूच्या कारखान्यांवर सरकारची नजर म्हणून बसलो, पण जिभेला थेंब लावला नाही. बाटली गौरांगना परत द्यावी. त्यांचा काही दोष नाही. त्या दिवशी काय झाले ते त्यांना आजही कळलेले नाही, म्हणून पुढचे कलम.

५. मे महिन्यात केंटकीत क्षितिजा आणि गौरांग मला एक जुनी डिस्टिलरी दाखवायला घेऊन गेले. एकाच घराण्याची, सहावी पिढी चालवते. "बाबा, तुमच्याच धंद्यातली गोष्ट आहे, तुम्हाला मजा येईल," क्षितिजा म्हणाली. आणि खरेच येत होती. मक्याचा आंबट वास, माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी पिपे, वर फसफसणारा पिवळा फेस. घराण्यातलीच एक बाई सगळे दाखवत होती. मी तिला तीव्रतेबद्दल दोन प्रश्न विचारले तेव्हा ती थांबून माझ्याकडे नीट पाहायला लागली. क्षितिजाने माझा पेशा सांगितला. मला, खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

मग ती आम्हाला कोठारापाशी घेऊन गेली. जाड लाकडी दार, त्याला एकाखाली एक दोन कोयंडे. ती म्हणाली, तिच्या आजोबांच्या काळापर्यंत इथे दोन कुलपे असत. एकाची किल्ली घराण्याकडे, दुसऱ्याची सरकारी माणसाकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ती किल्ली तुमच्यासारख्यांकडेच असायची.

आम्ही आत गेलो. पिपांच्या रांगा, अंधार, स्पिरिटचा वास. आतली शांतता ऐकवावी म्हणून तिने दार ओढून घेतले.

पुढचे मला क्षितिजाने सांगितले. मी दोन्ही तळव्यांनी दार बडवत होतो आणि हिंदीत ओरडत होतो, "खोलो, मैं अंदर हूँ! ज़िंदा हूँ!" आम्ही घरी कधी हिंदी बोलत नाही. परतीच्या वाटेवर तिने विचारले, "बाबा, तुम्ही हिंदीत का ओरडलात?" मी म्हटले, रक्तदाब.

रक्तदाब नव्हता. खरे असे आहे.

१९८७ साली मी भोपाळपासून बसने तीन तासांवरच्या एका कारखान्यावर नेमणुकीला होतो. तोही एका घराण्याचाच. कारखाना आता उरलेला नाही आणि मालकाच्या नातवंडांनी माझे काही वाईट केलेले नाही, म्हणून नाव लिहीत नाही. तिथेही स्पिरिटच्या कोठीला दोन कुलपे होती. एक मालकाचे, किल्ली मुनीमजींकडे. दुसरे सरकारी, किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली. रोज संध्याकाळी कुलूप माझ्यासमक्ष बंद झाल्याची सही रजिस्टरात करायची, हे माझे काम.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. घरचा कर्ता पुरुष पानावर नाही असे आमच्याकडे चालत नाही. रजा मंजूर झाली नव्हती. मुनीमजी म्हणाले, "साहब, चाबी छोड़ जाइए. घर में देवी बैठी हैं, यहाँ कौन देखने आ रहा है?" मी किल्ली जानव्यावरून सोडून त्यांच्या हातावर ठेवली. आणि पुढे रजिस्टरात रिकामी जागा दिसू नये म्हणून तिन्ही दिवसांच्या सह्या आधीच करून ठेवल्या. अक्षर चांगले यावे म्हणून टेबलाशी बसून केल्या.

चौथ्या दिवशी पहिल्या बसने परत आलो तर मुनीमजी बसस्टँडवर उभे. म्हणाले, "साहब, भागीरथ अंदर रह गया."

भागीरथ कुशवाहा, कारखान्याचा मजूर, वय चौतीस. आदल्या दुपारी त्याला रिकामी टाकी धुवायला आत उतरवले होते. अशा टाकीत स्पिरिटची वाफ साचून राहते, ती आधी मोकळी करायची असते. मी असतो तर केली असती, ते माझ्यासमोरच व्हायचे. मुनीमजींनी वरून हाका मारल्या, उत्तर आले नाही. माणूस मेला असे समजून ते घाबरले. सरकारी कुलूप उघडे सापडू नये म्हणून त्यांनी दोन्ही कुलपे लावली आणि माझी वाट पाहत बसले.

आम्ही दोघांनी कुलपे काढली. दार आत ढकलले जाईना. मागे काहीतरी अडत होते.

तो टाकीत नव्हता. तो दारापाशी होता.

दाराच्या आतल्या अंगाला धुळीत तळव्यांचे ठसे होते, खूप. वर उंच होते, मग खाली खाली येत गेलेले. पोलीस यायच्या आधी ते मी माझ्या रुमालाने पुसले. मुनीमजींनी सांगितले नव्हते, मी आपणहून पुसले. ते म्हणाले होते एवढेच, "साहब, हम भी मरेंगे, आप भी. ताला तो आपकी दस्तख़त में बंद है." मग कोणीतरी छपराची दोन कौले काढून ठेवली आणि भागीरथ दारू चोरायला वरून उतरला असे ठरले. चौकशीत मला विचारले, किल्ली कुठे होती? मी जानवे हातात धरून म्हणालो, इथे.

त्याच्या बायकोला, रामकलीला, चोराची बायको म्हणून कारखान्याने दमडी दिली नाही आणि गावाने पाणवठ्यावर वेगळे उभे केले. मला बढती मिळाली. त्यानंतर मी जानवे घातले नाही. कमलला वाटले मी सुधारक झालो. तिलाही सांगितले नाही.

६. माझ्या मनात होते ते असे: पाचवे कलम माझ्यामागे वाचले जावे आणि बँकेतली सगळी ठेव रामकलीबाईंना मिळावी. वकील रसिका ठोसर यांनी मसुदा वाचला. मुलगी तिशीची आहे, बोलायला सरळ. म्हणाली, "काका, आणि त्या तुमच्या आधी गेल्या तर?" मला राग आला. तिला म्हटले, कायद्याचे बघा. ती म्हणाली, "कायद्याचंच बघतेय. मृत्युपत्र मेल्यावर उघडतं. तुम्ही बरोबर तेवढ्यासाठीच हे निवडलंत ना?"

चार दिवस मी तिचा फोन उचलला नाही. ती म्हणाली ते खरे होते. कलम वाचले जाईल तेव्हा कोणी माझ्या तोंडाकडे पाहू नये, एवढ्यासाठी मी हा कागद निवडला होता. आठ महिन्यांनी की आठ वर्षांनी, कोण जाणे. ती बाई तोवर चोराची बायको म्हणूनच जगणार, आणि कदाचित तशीच मरणार.

पाचव्या दिवशी मीच रसिकाला फोन केला आणि रामकलीबाईंचा पत्ता काढायला सांगितले. त्या हयात आहेत, त्याच गावात. दृष्टी अधू आहे. रसिकाने त्यांना फोनवर कलम पाच हिंदीत वाचून दाखवले आणि ठेवीचे सांगितले. त्या म्हणाल्या, "पैसा नहीं चाहिए. काग़ज़ भी नहीं. जिन्होंने चोर कहा, उनमें से आधे अभी ज़िंदा हैं. साहब आएँ, चबूतरे पर खड़े हों, और अपने मुँह से बोलें. और जल्दी आएँ."

रसिकाने हे मला सांगितले. मी तुषारला सांगितले. तो पहिल्यांदा म्हणाला, "बाबा, आता कशाला? पेन्शन जाईल, पोलीस येतील. अडतीस वर्षं झाली, कोण विचारतंय?" मी म्हटले, ती विचारतेय. तो उठून बाहेर गेला. तासाभराने येऊन म्हणाला, "रविवारी गाडी मी चालवेन. तुम्हाला बसने एकटं नाही पाठवणार."

म्हणून: रविवार, १२ ऑक्टोबर रोजी सकाळी आठ वाजता आम्ही निघणार. ठेवीचे मी पुन्हा विचारीन, त्यांनी घेतली तर त्यांची, नाही घेतली तर क्षितिजा आणि तुषार यांची, सारखी. आणि कलम एकची अट ही: रविवारच्या आत मी गेलो, तर माझ्या जागी तुषारने गावात उभे राहून कलम पाच मोठ्याने वाचावे. रुमालाचे वाक्य गाळू नये. ज्याला घर हवे त्याने हेही घ्यावे. दहन आटोपले की त्याच दिवशी निघावे. सुतक आहे, तेराव्यापर्यंत घराबाहेर पडू नये, असे कोणीही सांगितले तरी ऐकू नये.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातला मजकूर माहीत असावा लागत नाही, सही त्याच्यासमोर झाली की पुरते. तरी आज मी विश्वासना समोर बसवून पाचवे कलम वाचून दाखवले, सवय व्हावी म्हणून. रुमालापाशी माझा आवाज गेला, पुन्हा वरून वाचले. विश्वास माझे तीस वर्षांचे मित्र. ऐकून झाल्यावर त्यांनी सही केली, पेन टोपण लावून खिशात ठेवले आणि म्हणाले, "पिंपळापुरे, आज चहा नको." आणि गेले. एका मित्रासमोर हे असे झाले. रविवारी गाव असेल.

मला फार भीती वाटते. पोलिसांची थोडी, क्षितिजा फोनवर काय बोलेल याची त्याहून जास्त, आणि चबुतऱ्यावर माझे तोंडच उघडणार नाही याची सगळ्यात जास्त. ही भीती स्थावरात बसत नाही आणि जंगमातही नाही, म्हणून ती कोणाच्या नावे करत नाही. ती माझ्याबरोबर गाडीत येईल.

वरील सगळे मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि आजच्या तारखेची सही आजच करीत आहे.

स्थळ: भोपाळ
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

(सही) भालचंद्र विनायक पिंपळापुरे

साक्षीदार:
१. (सही) विश्वास गजानन दंडिगे, कोलार रोड, भोपाळ
२. (सही) अ‍ॅड. रसिका ठोसर, अशोका गार्डन, भोपाळ

साक्षीदार क्रमांक एक यांची, सहीनंतर परत येऊन स्वहस्ते केलेली नोंद: गाडीत जागा असल्यास रविवारी मीही येतो. वि. ग. दंडिगे.