झेंडू बांधलेला रेडिओ

आई, तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो, आणि पाटीवरची अक्षरं तेव्हाही माझ्यासमोर जागा बदलायची. मास्तरांनी मला ढ ठरवून घरी पाठवलं, त्या दिवशी तू पेंढ्यात बियाण्याच्या मुड्या बांधत होतीस. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या मुडीला लाल चिंधी, उशिरा पिकणाऱ्या गरव्याच्या मुडीला पांढरी. मला जवळ बसवून म्हणालीस, "डोळ्यास नाय उमगत तं हातास उमगंल. रडतोस कशाला रे?" त्यावरच मी आजवर जगलो. शब्द लिहिताना अजूनही प्रत्येक अक्षरावर बोट ठेवतो, म्हणून हे पत्र लिहायला फार वेळ लागतो आहे.

शहापुरात मी रेडिओ जोडायची पहिली कंपनी काढली. दोन टेबलांची, पण आम्ही तिला कंपनीच म्हणायचो. नवं मॉडेल आलं, कुठली तार कुठं जोडायची त्याचा नवा नकाशा आला, आणि तो मला उमगेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. मग मुरबाडला दुसरी काढली, किन्हवलीच्या एका मित्राबरोबर. तो नकाशा वाचायचा, मी तारा जोडायचो, आणि चुकू नये म्हणून तुझ्यासारख्या चिंध्या बांधायचो. मोठ्या बॅटरीच्या तारेला लाल, लहान बॅटरीच्या तारेला पांढरी. टोकावड्याच्या पंचायतीचा रेडिओ दसऱ्याला वाजला, तर आसपासच्या गावांचं काम आम्हालाच मिळणार होतं.

खंडेनवमीला मित्र गावी गेला होता. माझ्या बायकोनं हत्यारं धुतली, रेडिओ पुसला, पूजा मांडली. मी आलो तर तारांना झेंडू. "अवो, देवापुढं असल्या कळकट चिंध्या ठेवायच्या? मी काढून टाकल्या," ती हसत म्हणाली. इतक्या हौसेनं तिनं केलं होतं, मी काय बोलणार? नकाशा रेडिओच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. दसऱ्याच्या दुपारी टोकावड्याच्या चावडीत मी त्याच्यावर बोट ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो. लोक दाटीनं बसले आहेत. मी तारा जोडतो आणि बटण फिरवतो. मोठ्या बॅटरीचा करंट लहानीच्या तारेत गेला, आतले काचेचे सगळे व्हॉल्व्ह एका झटक्यात जळाले. "मुका हाय का रं तुझा रेडिओ?" एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, "साळंत घाला त्यास, मास्तरचा मार खाऊन बोलंल!" सगळे हसले. हसू आलं नाही तरी मीही हसलो.

काम दुसऱ्या कुणाला गेलं. मित्र परतल्यावर ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "नकाशा व्हता ना रे तुझ्यापुढं?" एवढंच म्हणाला. आता तो कल्याणच्या कारखान्यात जातो आहे. मलाही चल म्हणाला, तिथं जोडारी लागतात. नकाशा वाचणारा गेला की ही कंपनीही संपली. तिसरी काढण्याची उमेद माझ्यात नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, पत्ता नाही. मित्राला मी सांगितलं, बायको गाव सोडायला तयार नाही. तिला मी विचारलंच नाही. कारखान्यात पहिल्याच दिवशी समोर नकाशा ठेवतील, त्याची मला भीती वाटते, आई.