सरळ जा, चुकायला वावच नाही

तव्याची गल्ली, ग्वानाहुआतो
सोमवार, १३ मे १९९१

तीर्थरूप दादा क्रेसेन्सिओ यांस,

धाकट्या एपिफानियोचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि तो एकशिंगी बोकड, तिघेही बरे असतील अशी आशा करतो. (बोकडावर मागच्या पत्रात तुम्हीच तीन पानं खर्च केलीत, म्हणून विचारलं.) इकडे तोमासा ठीक आहे, माझ्याशी बोलत नाही एवढंच. का, ते पुढे येईल. गेली बावीस वर्षं तुम्ही प्रत्येक पत्राच्या शेवटी "एकदा सिचूला ये" लिहिता आणि मी प्रत्येक उत्तरात "येतोच" लिहितो. ते याही पत्रात लिहिलं आहे असं समजा, म्हणजे जागा वाचेल.

आता मुद्द्याचं. आपली नोएमी येत्या डिसेंबरात बत्तीस पुरी करील. रोहेलिओ नावाचा लेओनचा मुलगा दोन वर्षांपासून तिच्या मागे लागलाय. जोड्यांच्या कारखान्यात मुकादम आहे, शांत आहे, माझ्याकडे केस कापतो आणि मी बोलत असताना झोपत नाही. यापेक्षा चांगला जावई सलूनवाल्याला मिळत नाही. घोडं अडलं होतं ते त्याच्या बापापाशी. डॉन एवारिस्तो, मोंतेरेयचे. रेल्वेत चाळीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिल्या, त्यामुळे माणूस मिनिटाला मिनिट मोजतो. मुलगी दोन वर्षांनी मोठी, शिवाय डोंगरातल्या उनाड गावची, म्हणून आठ महिने ते हात मागायला यायलाच तयार नव्हते. शेवटी मुलाला म्हणाले, "एकदाच येईन. घर सरळ वाटलं तर बोलेन, नाही वाटलं तर टोपी घालीन आणि परत फिरेन." रविवार ठरला, काल. दुपारी एकला. नोएमीने त्या आठवड्यात भिंतीला पुन्हा पिवळा रंग दिला, स्वतःच्या हाताने. मी तिला शिडीवर गुणगुणताना ऐकलं, दादा. ती पाच-सहा वर्षांत गुणगुणली नव्हती.

आता आपल्या गावची रीत तुम्हाला मी काय सांगणार. वाट विचारणाऱ्याला "ठाऊक नाही" म्हणायचं नाही. तुम्ही सात वर्षांचे असताना एका परक्या बाईला तसं म्हणालात आणि बाबांनी तुमचं थोबाड रंगवलं, "पाहुण्याला रिकाम्या हाताने लावून देतोस?" ती चपराक तुम्हाला बसली पण शिकलो मी. साठीला आलोय, आजवर एकाही माणसाला रिकाम्या हाताने लावलेलं नाही.

काल सकाळी दहाला मी नवा शर्ट घालून, मिशीला मेण लावून, टेबलासाठी फुलं घ्यायला बागेच्या चौकात गेलो. तिथे एक उंच, टोपीवाले गृहस्थ आणि निळ्या झग्यातल्या बाई कागद धरून उभे. गृहस्थांनी विचारलं, "वकील अर्रिएता गल्ली कुठे आली?" मी जन्मात ते नाव ऐकलेलं नाही. पण तोंड आपोआप उघडलं. म्हटलं, "सरळ जा, बोगद्यात उतरा, दुसऱ्या जिन्याने वर या, चुकायला वावच नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आम्हाला एकला पोचायचंय, तीन तास आहेत. आता तीन तास हाताशी असलेल्या पाहुण्याला नुसता जिना दाखवून सोडायचं म्हणजे कद्रूपणा. मग म्हटलं, वाटेत चुंबनाची गल्ली लागेल, तिथे तिसऱ्या पायरीवर नवराबायकोने मुका घ्यावाच लागतो, नाहीतर सात वर्षं घराला पीडा. तिथून टेकडीवरच्या पुतळ्यापाशी चढा, सगळं गाव रंगाची पेटी सांडल्यासारखं दिसतं. उतरून संग्रहालयातल्या ममी बघा, बाहेर साखरेच्या ममी मिळतात त्या घ्या, धरणावर होडीत बसा, आणि ती तुमची गल्ली तिथून पाच मिनिटांवर. बाईंनी सगळं कागदावर लिहून घेतलं. गृहस्थ म्हणाले, "इथली माणसं फार अगत्यशील." मी फुलं घेऊन शीळ घालत घरी आलो.

एक वाजला. रोहेलिओ लेओनहून फुलं, अंगठी आणि घामाने भिजलेली कॉलर घेऊन वेळेवर आला होता. दीड झाला. तोमासाने मोलेच्या रश्शाचं पातेलं दुसऱ्यांदा गरम केलं. दोन झाले. नोएमी खिडकीतून हलेना. रोहेलिओ म्हणाला, "बाबा आयुष्यात एकदाच उशिरा आले, आजीच्या मयताला, आणि तेही आगगाडी चुकली म्हणून." तोमासा म्हणाली, "ते परत गेले. रंग बघून परत गेले." अडीचला नोएमीने कानातले डूल काढून टेबलावर ठेवले.

पोराला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, तुझे आईबाप दिसतात कसे, मी चौकात बघून येतो. त्याने पाकिटातून फोटो काढला. उंच गृहस्थ, टोपी.

मी विचारलं, "पत्ता काय दिला होतास त्यांना?" तो म्हणाला, "नोएमीच्या विजेच्या बिलावरचाच. वकील अर्रिएता गल्ली." मी बाहेर गेलो. कोपऱ्यावरच्या भिंतीला मी पंधरा वर्षांपूर्वी ठोकलेली जिरेनियमची कुंडी बाजूला केली. मागे नगरपालिकेची निळी पाटी. चाळीस वर्षं मी ज्या गल्लीत राहतो, जिला सगळं गाव तव्याची गल्ली म्हणतं, तिचं नाव मी काल प्रथम वाचलं. (बिलं तोमासा भरते.)

मग मी काय केलं ते कुणाला सांगू नका. सलून उघडलं, आरशासमोर बसलो आणि सव्वीस वर्षांची मिशी उतरवली. ओळखू आलो नाही म्हणजे झालं, एवढाच विचार. मग त्यांना शोधायला निघालो. मी स्वतःच धाडलेलं असल्यामुळे कुठे धाडलं ते मला तरी पक्कं ठाऊक होतं. चुंबनाच्या गल्लीत संत्रीवालीला विचारलं, टोपीवाले गृहस्थ पाहिलेस? ती म्हणाली, "हो तर, आत्ताच टेकडीकडे गेले." टेकडीवर फोटोवाला म्हणाला, आत्ताच बाजारात उतरले. बाजारात खाटीक म्हणाला, आत्ताच टेकडीवर चढले. मी दोनदा चढलो, दादा, या वयात, आणि दुसऱ्यांदा वर पोचल्यावर ध्यानात आलं की यांच्यापैकी कुणीही कुणाला पाहिलेलं नाही. रिकाम्या हाताने लावायचं नाही म्हणून बोलताहेत. पायरीवर बसलो आणि रडलो, स्पष्टच लिहितो. माझ्या पोरीचं लग्न मी माझ्या तोंडाने मोडलं होतं.

साडेपाचला घरी आलो तर पाहुणे ओसरीवर. डोन्या ग्रासिएला बाईंनी (निळा झगा त्यांचा) धरणापाशी कंटाळून वाटेचा कागद फाडला आणि एका पाववालीला विचारलं, आज कुणाच्या पोरीचा हात मागायला येणार आहेत? पाववालीने थेट दारात आणून सोडलं. बाईंच्या हातात साखरेची ममी होती. डॉन एवारिस्तोंच्या बुटांना बोगद्याचा चिखल, आणि टोपी अजून डोक्यावर. सगळ्यांचं लक्ष त्या टोपीकडे. तोमासा माझ्या ओठाकडे बघत राहिली, पण पाहुण्यांसमोर विचारता येईना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख दिसली नाही. माझ्या जिवात जीव आला. मग ते म्हणाले, "हात धुवायचे होते, मोरी कुठे?" आणि दादा, हे तोंड. मी हात लांब केला आणि म्हटलं, "सरळ जा, उजवीकडे वळा, चुकायला वावच नाही."

ते थांबले. पुरते वळले. "आपण सकाळी चौकात होतात का?"

नोएमीकडे बघायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "तो माझा थोरला भाऊ असणार. मिशीवाला ना? अगदी माझ्यासारखा दिसतो, बोलतोही तसाच. लहानपणी खाटेवरून डोक्यावर पडला, तेव्हापासून लोकांना वाट सांगत हिंडतो. आम्ही त्याला फारसं बाहेर सोडत नाही." तोमासाच्या हातून डाव पडला. नोएमी तोंडाला फडकं लावून आत गेली, हसायला की रडायला ते कळलं नाही.

डॉन एवारिस्तो बराच वेळ माझ्या वरच्या ओठाकडे बघत होते, तिथे ऊन न लागलेली पांढरी पट्टी आहे. शेवटी म्हणाले, "त्या माणसाला मला भेटायचंय." मग त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि उभ्याउभ्याच नोएमीचा हात मागितला. मी हो म्हटलं. लग्न १२ ऑक्टोबरला. नोएमीने डूल पुन्हा घातले. रात्री तोमासाने मिशीचं विचारलं, मी सगळं कबूल केलं, तेव्हापासून ती बोलत नाही.

वहिनींना नमस्कार, बोकडाला खरारा. जिभेचा सैल पण मनाचा तुमचाच,

एपिफानियो

ता. क. विनंती एकच, आणि तिच्यासाठीच हा पत्रप्रपंच. तुम्ही जन्मभर तुळतुळीत दाढीमिशी केलीत, पण ऑक्टोबरपर्यंत जाड मिशी राखावी, टोकांना मेण लावावं. डॉन एवारिस्तो लग्नात तुम्हाला फैलावर घेतील. मान खाली घालून ऐकून घ्या. मधूनमधून एखाद्याला वाट सांगा. बाबांची चपराक माझ्या वतीने तुम्ही आधीच खाल्लीय, त्यात आणखी एक.

ता. क. दुसरा, मंगळवार. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. पाहुणे अजून इथेच आहेत; आज जेवताना डोन्या ग्रासिएला बाईंनी उलगडा केला. तिसऱ्या पायरीवर डॉन एवारिस्तोंनी इकडेतिकडे बघून खरंच मुका घेतला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणे "सात वर्षं पीडा नको." मग होडीत बसून माणूस चक्क हसला आणि घड्याळ खिशात ठेवलं. "तुमच्या त्या अर्धवट भावाने आम्हाला जे दिलं ते शहाण्याने कधी दिलं नाही," असं त्या म्हणाल्या. त्यामुळे लग्नात वरबापाच्या उजव्या हाताला बसायचा मान तुमचा, भाषणही तुमच्याच गौरवाचं व्हायचंय. मला दारापाशी पाहुण्यांना वाट दाखवायला उभं करणार आहेत. आता खरं सांगायची सोय उरली नाही. मिशी मात्र माझ्याइतकी भरदार येणार नाही तुमची, हे लिहून ठेवतो.

ता. क. तिसरा, बुधवार. भाऊ कुठे असं विचारलं तेव्हा सिचूला परत गेला म्हणून सांगून बसलो होतो; डॉन एवारिस्तोंना दम निघाला नाही. लग्नापर्यंत कशाला थांबायचं, आजच सिचूला जाऊन तुमच्या भावाला मिठी मारतो, म्हणाले. गाडीत बसले आणि मला विचारलं, "भावाच्या घरची वाट तुम्हाला ठाऊक असेलच." बावीस वर्षांत मी एकदाही आलो नाही, हे व्याह्याला कसं सांगू? पुढच्या सीटवर बसलो. ही ओळ इरापुआतोच्या बाजारातून लिहितोय, बाईंनी दोन टोपल्या स्ट्रॉबेरी घेतल्यात. नकाशा बघितला तर तुमचा डोंगर आमच्या पाठीमागे राहिला असं दिसतं. पण आत्ताच एका भल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला सिचू इथून सरळ, पाच मिनिटं. तेव्हा मिशी वाढवायला तुम्हाला भरपूर वेळ आहे.