डाव्या हातातली पक्कड

रविवार, सकाळ

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र कशाला लिहीत बसली ही, असं म्हणतच तू पाकीट फोडलं असशील. फोनवर तू विचारतेस, मी "सगळं छान" म्हणते, तू म्हणतेस "नक्की?", मी म्हणते "हो गं", आणि मग आपण दोघी कुठल्या तरी तिसऱ्याच गोष्टीवरून भांडतो. मागच्या वेळी तर तू फोन आपटलास. पत्रात मला मध्येच तोडायची सोय नाही, म्हणून हे. भाऊजींची पाठ आता बरी असेल. पिल्लूला सांग, तिनं पाठवलेला राक्षस माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलाय आणि त्याचे दात माझ्या सगळ्या राक्षसांपेक्षा चांगले आलेत.

आधी माझ्या बातम्या.

'पक्कडकाकू'चं पुस्तक होतंय. दर रविवारी लोक फोनवर वाचतात ते चित्रकथेचे सगळे भाग एकत्र, आणि शेवटी एक नवं मोठं प्रकरण. प्रकाशनाच्या बाई कडक आहेत. माझ्या लाडक्या जांभळ्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी फुली मारली. स्क्रीनवर तो झळकतो, पण कागदावर छापला की मळकट दिसतो. त्यामुळे सध्या काकूंचा डगला प्रत्येक चित्रात नव्यानं रंगवणं चालू आहे. बसल्या बसल्या मान मोडून येते. तू म्हणशील, कॉम्प्युटर करतो ना सगळं. ताई, तुझा मिक्सरही सगळं करतो, तरी तू स्वयंपाकघरात उभी असतेसच ना?

नव्या प्रकरणात एक जुनं यंत्र आहे. गंजोबा त्याचं नाव. बिल्डिंगच्या तळघरात वर्षानुवर्षं पडून, गंजून, बोलणं बंद झालेलं. लिफ्टपासून पंपापर्यंत सगळं दुरुस्त करणाऱ्या आपल्या काकू आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे हात टेकतात. शेवटी तो बोलतो, एवढं मला माहीत होतं. पण त्याचा आवाज दिसावा कसा, हे काही केल्या सुचत नव्हतं. सगळं प्रकरण तिथेच अडून बसलं होतं. बाकी मी मजेत. खोलीला नवा पडदा लावलाय. बाबाही ठीक आहेत, बोलणं बरंच सुधारलंय, एखादा शब्द अडतो तेवढंच. भूक चांगली आहे.

व्यायामही करतात, असं मी तुला फोनवर सांगत होते.

त्याच्याकडे येते. आधी तुला अक्षरांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं चित्र असं होतं बघ. आधी निळ्या रेषेत कच्चं काढते. त्यावर काच ठेवावी तसा दुसरा थर येतो, त्यावर पक्की काळी रेघ, मग रंग, मग सावल्या. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर, म्हणजे रंग चुकला तर रेघेला धक्का लागत नाही. हे सगळं मी पडद्यावर, त्या काळ्या पेननं करते. पण फुग्यातलं बोलणं मात्र कागदावरून यायचं, हे तुला माहीतच आहे. नकाशांच्या ऑफिसात आख्खी नोकरी गावांची आणि नद्यांची नावं लिहिण्यात घालवलेला माणूस घरात असताना मी कॉम्प्युटरची छापील अक्षरं वापरीन का? बाबा बोरूनं लिहायचे, मी त्याचा फोटो काढून चित्रावर बसवायची. "आधी अक्षर, मग फुगा," असं दटावायचे. अक्षराला जागा उरली नाही की तो नकाशा खोटा, हे त्यांचं ठाम मत. वाचणारे मला लिहायचे, काकू बोलतात ते ऐकू येतं. ते ऐकू यायचं बाबांमुळे.

मग अर्धांगाचा झटका आला, आणि उजवा हात गेला.

तेव्हा मला वाटलं, मी फार हुशारी करतेय. बाबांची सगळी जुनी अक्षरं माझ्याकडे होतीच. त्यातला एक 'क' इथून, एक 'का' तिथून, असं कापून जोडून मी नवीन वाक्यं तयार करायला लागले. कुणाला पत्ता लागला नाही. मी मोठ्या कौतुकानं बाबांना दाखवलं, म्हटलं, बघा, तुमचंच अक्षर आहे, एक भाग चुकलेला नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुझं काम अडत नाही ना? मग झालं."

ताई, मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. मला वाटलं, शाबासकी दिली.

त्या दिवसापासून त्यांनी व्यायाम सोडला. व्यायामाच्या बाई येतात, बाबा हसून त्यांची चौकशी करतात, आणि हात काही उचलत नाहीत. रबरी चेंडू पलंगाखाली गेला तो गेलाच. रविवारचा भाग बाहेर पडण्याआधी तपासून द्यायचे, तेही बंद. खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघायचे. डावा हात चांगला आहे, पण पाणीसुद्धा मी दिल्याशिवाय घ्यायचे नाहीत. मी चिडले, रुसले, लाडीगोडी लावून पाहिली. आणि तू विचारलंस की "हो, रोज करतात" म्हणायची. तू म्हणालीस, माझ्या घराजवळ चांगलं केंद्र आहे, दिवसभर माणसं असतात, मी मोठी रिकामी बॅग घेऊन येते आणि बाबांना घेऊन जाते. तेव्हा मी तुझ्यावर ओरडले, कारण तुझं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते नको होतं. ते गेले की हे घर मला खायला उठेल. हे फोनवर बोलता आलं नाही.

खालून हाक आलीये, पाण्याची मोटर बंद पडलीये म्हणे. पक्कडकाकू फक्त चित्रातच आहेत, त्यामुळे मलाच जायला हवं.

मंगळवार, दुपार

मोटरनं दोन दिवस खाल्ले. आता खरी बातमी.

आम्ही चित्र काढणारे लोक मध्येच एक गोष्ट करतो. चित्र आरशात पाहिल्यासारखं डावं-उजवं उलटवून बघतो. फार वेळ एकाच चित्राकडे पाहिलं की डोळे सवयीचे होतात, वाकडं नाकही सरळ वाटायला लागतं. उलटवलं की सगळी व्यंगं एकदम समोर येतात. बघायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा सुलटवायचं. एक बटण असतं फक्त.

मध्यंतरी एका भागाच्या वेळी मी उलटवलं आणि सुलटवायचं विसरले. पूर्ण भाग एकाच लांबलचक पट्टीवर काढते मी, त्यामुळे झाडून सगळी पट्टीच उलटी. त्यावरच पक्की रेघ मारली, रंग भरले, वर बाबांची कापलेली अक्षरं नीट चिकटवली आणि रविवारी दिलं पाठवून. आधी हे होऊच शकलं नसतं. बाबांनी पहिल्या नजरेत पकडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बघते तर लोकांनी धुमाकूळ घातलेला. काकूंचा तीळ या गालावरून त्या गालावर कसा गेला? काकूंची जुळी बहीण आली का? एकानं तर तीळ चालत कुठे निघालाय याचं चित्रच काढून पाठवलं. मी कप खाली ठेवला. बाबा म्हणाले, काय झालं? मी म्हटलं काही नाही. त्यांनी डावा हात पुढे केला. कित्येक दिवसांत त्यांनी काही मागितलं नव्हतं गं. मी गुपचूप फोन दिला.

वरून खाली सगळा भाग पाहिला, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. मग म्हणाले, "हिनं पक्कड डाव्या हातात धरलीय."

मी "चूक झाली" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि कप उचलून तोंडाला लावला.

"उजव्या हाताला काय झालं हिच्या?"

"दुखावलाय," मी म्हटलं. सुचलं ते बोलले.

"मग काम?"

"चालू आहे. दिसतंय ना."

"हं," म्हणाले. आणखी थोडा वेळ पाहिलं. "पक्की धरलीय पण."

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. तीळ त्या गालावरच ठेवला, जुळ्या बहिणीची गंमत लोकांवर सोडून दिली, आणि पुढच्या भागात काकूंचा उजवा हात गळ्यात बांधला. डाव्या हातानं डबा उघडताना सगळे स्क्रू सांडतात आणि काकू स्वतःवरच करवादतात, असं चित्र. त्यांच्या फुग्यात शब्द घालायची वेळ आली तेव्हा मी जुनी अक्षरं उघडलीच नाहीत. फुगा मोकळा ठेवला, बाबांची खुर्ची टेबलाशी ओढली आणि म्हटलं, माझं घोडं इथे अडलंय, तुम्ही बघा जरा. आणि चहा टाकायला निघून गेले. लाज वाटत होती. चहा उकळून उकळून काळा झाला तरी मी तिथेच उभी.

परत आले तर बाबा डाव्या हातात पेन धरून पडद्यावर वाकलेले. फुग्यात एक 'अ' होता. म्हणजे मला माहीत होतं म्हणून मी 'अ' म्हणतेय. पिल्लूनं त्याला खेकडा म्हटलं असतं.

"पुसायचं कसं?" बाबांनी विचारलं.

मी मागे जायचं बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. खेकडा गेला. पुन्हा काढला, पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी आजवर मोठा खजिना त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. म्हणाले, "आम्ही चुकलं की पात्यानं कागद खरवडायचो. दोनदा चुकलं की भोक. तू इतकी वर्षं हे बटण दाबतेस आणि दमले म्हणतेस?"

आणि आणखी एक सांगितलं, ते मला कधी सुचलंच नव्हतं. झटक्यानंतर त्यांनी मला न सांगता कागदावर डाव्या हातानं लिहून पाहिलं होतं. कागद सरकतो. दाबून धरायला दुसरा हात नाही. चिडून सोडून दिलं. "हे तुझं पाटीसारखं आहे. हलत नाही," म्हणाले. ज्या टॅबलेटला त्यांनी कायम नाकं मुरडली, त्याच्यावर आता दुपारभर त्यांचा कब्जा आहे आणि मी माझ्या टेबलाशी नंबर लावून उभी असते.

अक्षर वाईट आहे, ताई. खोटं नाही सांगत. रेघ थरथरते, काना एकीकडे आणि शिरोरेघ दुसरीकडे. प्रोग्रॅममध्ये रेघ आपोआप गुळगुळीत करायची सोय असते, ती मी चालू केली. त्यांनी लगेच ओळखलं आणि बंद करायला लावली. "हे माझं नाही," म्हणाले. आणि ते वेडंवाकडं, थांबत थांबत आलेलं अक्षर बघता बघता मला गंजोबाचा आवाज सापडला. इतकी वर्षं बंद पडलेलं यंत्र बोलायला लागलं तर असंच बोलेल की. प्रकाशनाच्या बाईंना एक पान पाठवलं. त्यांचा उलटा फोन आला, हे कुणी लिहिलंय, बदलू नका. पुस्तकातलं गंजोबाचं सगळं बोलणं बाबा लिहिणार आहेत. चेंडू पलंगाखालून बाहेर आलाय. व्यायामाच्या बाईंना काल स्वतःहून म्हणाले, उजव्यानं निदान टेबलावर दाबून धरता आलं पाहिजे, मला कागदावरही लिहायचंय. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी पडद्याकडे.

काल मी न राहवून सांगून टाकलं. म्हटलं, बाबा, त्या भागात मी काही ठरवून केलं नव्हतं, उलटवलेलं सुलटवायला विसरले होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. चित्रातल्या मागच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्याही फिरल्यात. नकाशे बघण्यात जन्म गेला माझा."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू सुलटवून टाकलं असतंस."

मी तिथेच बसून रडले. त्यांनी रडू दिलं, आणि मग लिहायला जागा हवी म्हणून माझं कोपर टेबलावरून काढायला लावलं.

तर ताई, मी तुझ्याशी खोटं बोलत होते, ते असं. आता खरं सांगते: बाबा बरे झालेले नाहीत. चालताना पाय ओढतो, शर्टाची बटणं मीच लावते, आणि पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तुझं ते केंद्र चांगलंच असणार. पण निर्णय तू आणि मी घेत होतो, त्यांना विचारलंच नव्हतं. आज विचारलं. उत्तर तुलाच लिहितो म्हणाले. खाली जागा सोडतेय, भरपूर. आधी अक्षर, मग फुगा.

पिल्लूला पापा. भाऊजींना नमस्कार. तू रागावलेली असलीस तरी चालेल, फक्त ये.

तुझीच,
खोडरबर (लहानपणी तू चिडवायचीस तीच)

बॅग भरून आण.
राहायला ये.
— बाबा