टांगून वाळणाऱ्या टोपीची हकिकत

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो प्रत्यक्षात घालता येत नाही, म्हणून पत्रात घालून घेतो. इथे वाकावं लागत नाही.) तुमचा रक्तदाब आणि साडूभाऊंची कंबर ताळ्यावर असेल असं धरून चालतो. मी ठीक आहे. दोन वेळा जेवतो, त्यातलं एक जेवण शिजलेलं असतं. आमची मंडळी तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, बहीण बहिणीकडे जायचीच. परत कधी येणार हे विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही, तसा गैरसमज नसावा. मात्र भांडण शॉवर कॅपवरून झालं असं तिने सांगितलं असेल, तर ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडून तुमच्या कानावर जावं एवढाच हेतू.

तुम्हाला ठाऊकच आहे, हिला ओले केस सोसत नाहीत. केस एकदा भिजले की तीन दिवस शिंका. म्हणून रोज अंघोळीला ती प्लास्टिकची टोपी. आता ती टोपी वाळवायची कुठे, हा आमच्या घरातला जुना प्रश्न. नळावर ठेवली तर नळ उघडणाऱ्याच्या बाहीत पाणी. दाराच्या कडीला अडकवली तर आतलं पाणी आतच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर चढवली की थंड धार मानेवरून थेट पाठीत. (त्या वेळी ती जे बोलते ते भिंतीपलीकडच्या शिक्षिकाबाईंना पाठ झालं आहे.) गेल्या महिन्यात मात्र ती ओरडली नाही. मान पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "जगाच्या छत्र्या दुरुस्त केल्यात, माझी एक टोपी काही वाळली नाही तुमच्याच्यानं."

हे मला लागलं. छत्र्या दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. हल्ली मोडकी छत्री लोक फेकून देतात, त्यामुळे दुकान उघडून मी नुसता बसलेला असतो. बसल्या बसल्या विचार केला, की टोपी म्हणजे तरी काय, दांडा नसलेली छत्रीच. मग चार आखूड काड्या घेतल्या, वर वाकडा हूक लावला आणि एक खटका बसवला. अंघोळ झाली की खटका दाबायचा, टोपी ताणून उघडते, दांडीला टांगली की पाणी निथळून मोकळी. पहिली चाचणी मी स्वतःवर घेतली आणि ती पूर्ण यशस्वी झाली. (माझ्या डोक्यावर भिजण्यासारखं काही उरलेलं नाही, हे नंतर ध्यानात आलं.)

मग हिची पाळी. मी न्हाणीघराच्या दाराबाहेर कागद-पेन्सिल घेऊन उभा. आत तिने पाठ चोळायला हात वर केला, कोपर खटक्याला लागलं आणि टोपी डोक्यावरच उघडली. मोठा आवाज आला. टोपी गळते आहे का, असं मी विचारलं. (नोंद करायची होती.) आतून हसण्याचा आवाज आला. ताई, खरं सांगतो, ती हसत होती, आणि बराच वेळ हसत होती. बाहेर आली तेव्हाही टोपी तशीच, चारी काड्या बाहेर काढून डोक्यावर उभी. कितीतरी दिवसांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण जिंकलो. तशीच ती आरशासमोर गेली आणि तिला ठिगळ दिसलं.

आता कापडाबद्दल सांगायलाच हवं. अशा नव्या शिवलेल्या टोपीला पाणी न धरणारं कापड लागतं, आणि घरातलं तसलं सगळ्यांत उत्तम कापड कपाटावर कागदात गुंडाळून ठेवलेल्या निळ्या छत्रीचं होतं. ती छत्री वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती. मी कारागीर माणूस, चांगलं कापड पडून असलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. छत्री कुठली, कुणी ठेवली, का ठेवली, हे डोक्यातच आलं नाही. (तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असेल. मीही घेतला, पण कापून झाल्यावर.) हीच छत्री घेऊन ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली होती. निळं कापड संपलं होतं म्हणून मी पिवळं ठिगळ लावलं, आणि ऐट दाखवायची म्हणून पानाच्या आकाराचं कापलं. चार दिवसांनी टाके उसवले म्हणून परत आली. मग पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला मी समजलो, कारण माझे टाके असे उसवत नाहीत. घरी बसून सुईने ती स्वतःच उसवत होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुमच्या घरी माझ्या बाजूने बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होता.

आरशात बघत ती म्हणाली, "हे माझ्या छत्रीचं आहे." यावर माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "नुसती पडून होती. एवढं चांगलं कापड फुकट जात होतं."

ती भांडली नाही. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि पिशवी भरली. आमच्याकडे घराबाहेर पडणारा माणूस 'येतो' म्हणतो. ती "ताईकडे जाते" म्हणाली. मी तेव्हापासून त्या एका शब्दावर अडकून बसलो आहे. चूक माझी आहे, सगळीच्या सगळी, आणि तिच्याशिवाय मला करमत नाही.

साडूभाऊंना नमस्कार. उत्तराची घाई नाही. (पोस्टमन इकडे अकराच्या सुमारास येतो.)

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा
(सध्या नावापुरता)

ता. क. सोबतच्या लांबट पुडक्यात ती छत्री आहे. टोपी उसवून सगळे तुकडे जागच्या जागी बसवले आहेत. पावसात ती न्यायच्या लायकीची राहिलेली नाही, तशी ती नेतही नव्हती. पिवळ्या ठिगळाचे दोन टाके मी मुद्दाम सैल ठेवले आहेत. तुमचा हात शिवणावर चांगला बसला आहे हे मी जाणतो, तरी कृपा करून ते तुम्ही घालू नयेत. दुकान उघडं असतं, एवढंच तिच्या कानावर घालावं.

ता. क. दुसरा. शिक्षिकाबाईंना तसलीच टोपी हवी आहे. साडूभाऊंची एक तपकिरी छत्री तुमच्या जिन्याखाली नुसती पडून असते, असं आठवतं. कापड फार चांगलं आहे. (मी हे विचारलं, हे हिला सांगू नये.)

ता. क. तिसरा. तो हूक मी न्हाणीघरात, हिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर भिंतीला ठोकला, आणि तिची जुनी प्लास्टिकची टोपी त्याला टांगली. ताई, ती वाळली. आतून बाहेरून कोरडी ठणठणीत, थेंब नाही. अकरा दिवस रोज सकाळी हात लावून बघतो. तिला सांगा, मला ती ओलीच बरी वाटायची.