सपाट घर

४ जानेवारी

ठरलं! तिन्ही उंबरे काढायचे. पुढच्या दाराचा, स्वयंपाकघराचा, न्हाणीघराचा. डॉक्टर म्हणाले, बायकोचा काचबिंदू आता मागे फिरणार नाही, आहे ती नजरही हळूहळू जाईल. मग घरच असं करतो की हिला डोळ्यांची गरज पडू नये. दारं रुंद, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची आली तरी अडायला नको. भिंतींना धरायला दांडे. ठेचकाळायला घरात काही ठेवायचंच नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, लोकांच्या म्हातारपणाच्या सोयी करत फिरलो. आता आपली.

लेक म्हणते, दोघं माझ्याकडेच या. ही म्हणाली, "डोळे गेले म्हणून घर कशाला सोडू? मी इथेच राहणार." बास. मला एवढंच ऐकायचं होतं.

७ जानेवारी

हिचं एकच टुमणं — "उंबरे राहू द्या हो." का? तर म्हणे, पायाला सवय आहे. म्हटलं, सवयीनंच तर माणसं पडतात! सुतार कोण, तू की मी?

११ जानेवारी

गवंडी आला. घरभर धूळ. हिला दिवसभर शेजारणीकडे बसवलं. उंबरे जुन्या सागाचे, टाकवेनात. तिन्ही कापून न्हाणीघरात बसायला एक स्टूल केलं. गवंडी म्हणाला, "काका, हात अजून शाबूत आहे तुमचा." खूश झालो, खोटं कशाला लिहू?

२८ जानेवारी

काम संपलं! पुढच्या दारापासून आतपर्यंत फरशी एका पातळीत. गोटी ठेवली तर जागची हलत नाही. दोनदा ठेवून पाहिली.

हिला हात धरून सगळं फिरवलं. "छान झालंय," म्हणाली. दुसऱ्याच्या घरचा चहा पिऊन म्हणतात तसं.

१ फेब्रुवारी

ही कपाटावर धडकली. कपाळाला टेंगूळ. एवढे दांडे लावले ते काय शोभेला, म्हणून मी ओरडलो. वर हिनेच माझी समजूत काढली.

६ फेब्रुवारी

खुर्चीतून उठतच नाही. पाणी हवं तरी हाक मारते. डिसेंबरात नजर काही बरी नव्हती, तरी माझ्या आधी उठून चहा ठेवायची. चिडून विचारलं, आळस आला का? "असेल," म्हणाली.

९ फेब्रुवारी

आज शेजारी बसलो. न ओरडता विचारलं. मग सांगितलं हिने.

स्वयंपाकघराचा उंबरा मधोमध खोलगट होता. न्हाणीघराच्या उंबऱ्याला डावीकडे चीर होती. पुढच्या दाराचा एक कोपरा झिजून गोल झालेला. पाय टेकला की कुठे आलो ते कळायचं. "आता सगळीकडे सारखंच लागतं. मी कुठे उभी आहे तेच कळत नाही हो."

"मग तेव्हाच सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं."

खरं आहे. पायाला सवय आहे, म्हणाली होती. तो खोलगटपणा रंधा मारून काढायचा, असं मी कित्येक वर्षं म्हणत होतो. हिच्याच येण्याजाण्याने पडला होता तो. मी हिचं घर काढून घेतलं. स्वतःच्या हातांनी, पाठ थोपटून घेत.

१२ फेब्रुवारी

ही लेकीकडे गेली. "थोडे दिवस राहून येते." चारच कपडे भरत होतो. म्हणाली, सगळेच भरा.

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा, आई इथे एकटी फिरते! आमच्याकडे उंबरे आहेत ना, दोन दिवसांत पाठ झाले तिला." तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. फोन ठेवून हिच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. घर इतकं गप्प की आपलंच रडणं ऐकू येतं.

१६ फेब्रुवारी

स्टूल मोडलं. खोलगट तुकडा कुठे गेला म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. सापडला! बैठक सपाट दिसावी म्हणून मीच तो उलटा लावला होता. तळवा ठेवला, बरोबर मावला.

१९ फेब्रुवारी

गवंड्याला बोलावून फरशी फोडून घेतली. "अहो काका, महिना नाही झाला!" म्हटलं, महिन्यापूर्वी मला अक्कल नव्हती. तुकडे सांधून, रुंद दारांना कमी पडलं तिथे नवा साग जोडून, उंबरे जागेवर बसवले. सांधे दिसतात. दिसू देत, पाहायचेत कोणाला!

हिला फोन केला. "उंबरे बसवलेत. तुझेच."

मग, "खोलगट तोच का?"

"तोच."

"मग रविवारी येते." हसली! किती दिवसांनी.

२२ फेब्रुवारी

लेक म्हणाली, आईला जरा खोकला आहे, पण घरी चला म्हणून मागे लागली आहे. उद्याच आणू का? मी म्हटलं, चार दिवस ठेव. कालच उंबऱ्यांना पॉलिश केलंय, अजून ओलं आहे, पायाला चिकटेल. तिला म्हणावं, वाळलं की लगेच. घाईचं काम मी आयुष्यात केलं नाही.

२५ फेब्रुवारी

खोकला छातीत उतरला. दवाखान्यात ठेवलंय. निघतो.

१ मार्च

काल हिला घरी आणलं. चौघांनी उचलून. दार रुंद केलं होतं, कुठे अडलं नाही.

मी पोचलो तेव्हा हिची शुद्ध हरपली होती. लेक सांगते, शुद्धीत होती तोवर विचारत होती — "यांचं पॉलिश वाळलं का गं?"

वाळलंय. उंबऱ्याला हिचा पाय तेवढा लागला नाही.