पिल्लाला दिलेला बोटभर शिरा

माय, आज सकाळी आमच्या घरात कुत्र्याचं एक पिल्लू चार चमचे पेज प्यालं आन पोटात ठेवलं. एवढंच सांगायचं होतं, पन सांगू कुणाला? लेक कचेरीत गेलाय, सून अंगणवाडीत, नात आज पाच दिवसांनी शाळेत गेलीय. शेजारीण म्हणते, कुत्र्याचं काय एवढं घेऊन बसलीस म्हातारे. मग राहिलीस तूच. नातीच्या मागच्या वर्षीच्या वहीची शेवटची पानं कोरी हायत, त्याच्यावर लिहायलेय. मला तिसरीपुढं कुणी शिकवलं न्हाई आन तुला तर अक्षराची ओळखच नव्हती, तवा चुका निघायची फिकर दोघींनाबी न्हाई.

तू गेलीस तवा माझा लेक रांगत होता. आता त्याला टक्कल पडायलंय. आमी जिंतूरला राहतो, दोन खोल्या आन पुढं पत्र्याची पडवी. नात पाचवीत हाय. तिला मी माय म्हणूनच हाक मारते, कारण कपाळ तुझं घेतलंय तिनं, आन रागबी तुझाच. तू रागावलीस की भांडी आपटायची न्हाईस, ओरडायची न्हाईस, नुसतं बोलायचं बंद करायचीस, आन घर कसं सुनं सुनं व्हायचं. ही तशीच. मला वाटायचं हे असलं काही तुझ्याबरोबर गेलं. कुठलं जातंय.

तर पिल्लाचं सांगते. ते आणलं माझ्या लेकानं. हा मानूस असा की कुत्रं दिसलं की पायातली चप्पल हातात घेणारा. पोरगी वर्षभर मागं लागली होती तर म्हणायचा, घरात मी राहीन न्हाईतर कुत्रं राहील. आन एक दिवस सेलूहून येताना देवगाव फाट्यावर चहा प्यायला थांबला. हॉटेलवाल्याच्या कुत्रीला पिल्लं झालेली. त्यातलं एक येऊन ह्याच्या बुटावर बसलं आन झोपी गेलं. घरी येऊन मला सांगतो, "आई, मी पाय हलवून बघितला, ते उठंचना. चहा गार झाला माझा." डब्याच्या पिशवीत घालून आणलं होतं. पिशवीचा बंद सोडला तर डब्याशेजारी एवढंसं तोंड, पांढऱ्यावर गव्हाळ ठिपका, एक कान उभा, एक पडलेला. पोरगी आधी हसली, मग रडली, मग बापाच्या गळ्यात पडली. बाप म्हणतो, "बास बास, शर्टाला नाक पुसू नको."

नाव ठेवायचं मोठं काम होतं. तिनं कागदावर नावं लिहून भिंतीला चिकटवली. रविवारी बारसं करायचं ठरलं, गल्लीतल्या पोरींना घुगऱ्या वाटायच्या. मला हसू आलं, पन मी हरभरे निवडून ठेवले. माझ्या लेकराच्या बारशाला जसे तू निवडले होतेस, एकेक खडा बघून, तसेच.

बारसं राहिलं बाजूला. त्याच्या आधीच पिल्लानं दूध सोडलं, रांजणामागं गार जागा धरून पडलं. आधी पिवळा फेस ओकलं, मग पातळ हगवण, मग त्यात रक्त. असा वास माय, की मी आयुष्य गुरांत काढलं, मला तसला वास ठावा न्हाई. मी मीठ-मोहऱ्या घेऊन नजर उतरवली. गावात नवं लेकरू आलं, सगळ्या गल्लीनं बघितलं, दुसरं काय असंल, असं मला वाटलं. इथल्या जनावरांच्या डॉक्टरानं बघितलं आन लगेच म्हणला, टाईम घालवू नका, परभणीला न्या.

लेकाला रजा मिळंना. मग मी आन नात, टोपल्यात पिल्लू, वरून माझं जुनं लुगडं, असं यष्टीत चढलो. कंडक्टर म्हणतो, "आजी, टोपल्यात काय हाय? कोंबडं हाय का?" मी बोलायच्या आधी पोरगी म्हणली, "कोंबडं न्हाई, पेशंट हाय." त्यानं लुगडं बाजूला करून बघितलं आन हसायचा थांबला. "म्होरं बसा," म्हणला, "मागं लय उडतंय."

परभणीची डॉक्टर म्हणजे कवळी पोरगी, चष्मा लावलेली. कागद पुढं ओढून तिनं विचारलं, "नाव काय?" नात म्हणली, "बारसं व्हायचंय अजून." डॉक्टरीण जरासुद्धा हसली न्हाई, तिनं लिहिलं, पिल्लू. मग त्याच्या पायाचे केस भादरून एवढीशी सुई घातली, सलाईन लावली आन म्हणली, "याला पार्वो म्हणतात. लस दिलेली नव्हती ना? आतडी आतून सोलून निघतात. काही वाचतात, काही नाही वाचत. रोज आणावं लागेल. आणि एक नीट ऐका, मी सांगेपर्यंत तोंडातून काही द्यायचं नाही. दूध नाही, पाणी नाही. एक थेंब नाही."

नातीनं मान हलवली. मीबी हलवली. पन मनात म्हणलं, ही शिकलेली पोरगी काय बोलायली? आजारी जिवाला उपाशी ठेवायचं?

माय, हे तू माझ्यात घातलंस. तू म्हणायचीस, घरात चूल पेटली असंल तर उपाशी जिवापुढून मोकळ्या हातानं जाऊ नको. चारठाण्याला आपल्या गल्लीतली तांबडी कुत्री पडक्या देवळामागं याली होती, आठवतं का? मी आठ वर्षांची असंन. आपल्याकडं कुत्री याली की तिला बाळंतिणीसारखा शिरा करतात. आमी पोरी परात घेऊन घरोघर फिरलो, "कुत्री बाळंत झाली, शिऱ्याला वाढा." कुणी मूठभर पीठ घातलं, कुणी गुळाचा खडा, तेलिणीनं पळीभर तेल. सगळं तुझ्यापुढं आणून ओतलं. तू पीठ भाजायलीस आन तो वास अख्ख्या गल्लीत. आपल्या घरात गोड कधी व्हायचं? सणाला, तेबी पाव्हण्यांना पुरवून. तू शिरा जरमनच्या डेचकीत घातलास, माझ्या डोक्यावर दिलास आन सांगितलंस, "ती खाईस्तोवर तिथंच बस. तिच्या पोटात गेलं तर पिल्लांना दूध उतरंल." मी रिकामं डेचकं घेऊन आले. तू विचारलंस, "खाल्ला का गं?" मी सांगितलं, "सगळा." तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. चार पिल्लं होती. तिसऱ्या दिवशी एक मेलं, सगळ्यात बारकं. तू म्हणलीस, "दूध कमी पडलं असंल," आन जात्यावर बसलीस.

तर दुसऱ्या दिवशी काय झालं, ऐक. परभणीहून सलाईन लावून आलो. सकाळपासून उलटी नव्हती. नातीनं पिल्लाशेजारी पोतं टाकून पहारा सुरू केला होता. हातात वही, घड्याळ बघून लिहायची, कितीला ओकलं, कितीला हगलं. बापाला जवळ येऊ दिलं न्हाई, "हात धुतला का?" म्हणून. दुपारी तिचा डोळा लागला. पिल्लू जागं होतं. मी हात लावला तर त्यानं माझं बोट चाटलं. कोरडी जीभ, खरबरीत. माझ्यानं राहवलं न्हाई, माय. मी उठले, पळीभर कणीक भाजली, गुळाचं पानी घातलं, पातळ शिरा केला आन बोटानं त्याच्या तोंडाला लावला. चाटलं त्यानं. एकदा, मग अजून एकदा. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! आता हे जगलं, असं वाटलं. बोट पदराला पुसलं, कढई घासून पालथी घातली.

दिवस मावळायच्या आत सगळं बाहेर आलं, आन त्याच्यामागं रक्त. नात घाबरून विचारायली, "आजी, कशानं झालं गं? बरं होतं की!" मी म्हणले, "गर्मीनं झालं असंल."

तिसऱ्या दिवशी पिल्लू मान धरंना. डॉक्टरिणीनं त्याची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. "काल उलटी थांबली होती ना? मग परत कशी सुरू झाली? कुणी काही खायला दिलं का?"

"काहीच न्हाई मॅडम," नातीनं वही पुढं केली. "मी पहारा दिलाय. पानीबी न्हाई."

डॉक्टरिणीनं पिल्लाचं पोट दाबून बघितलं, ते कण्हलं. "काहीच दिलं नसेल तर मला वेगळी शंका येते. कधी कधी या आजारात आतड्यात आतडं अडकतं. मग पोट उघडून बघावं लागतं. आणि एवढ्याशा जिवाला अशा अवस्थेत भूल द्यायची म्हणजे..." नातीनं माझा पदर मुठीत धरला. तोच पदर, माय, ज्याला मी बोट पुसलं होतं. माझ्या तोंडात "न्हाई" तयार होतं. मला ते लहानपनापासून लवकर येतं. पन टोपल्यातून पिल्लू माझ्याकडंच बघायलंय असं वाटलं, आन मी बोलून गेले, "मी दिलं बाई. गुळाचा शिरा. बोटभर." मग म्हणले, "दोन बोटं. काल दुपारी, ही झोपली तवा."

ती रागावंल असं वाटलं होतं. तिनं चष्मा काढला, पुसला. "आजी, आत्ता सांगितलंत ते बरं केलंत. आज पोट उघडायचं नाही. एक दिवस वाट बघू. पण आता एक कणसुद्धा नाही."

नातीनं पदर सोडून दिला. तेवढं मला लागलं, बाकी काही न्हाई.

यष्टीत ती टोपलं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली, मधली जागा रिकामी ठेवली. कंडक्टर तोच होता. "काय म्हणतोय पेशंट?" तो आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघून पुढं गेला. घरी आल्यावर मात्र नातीचा बांध फुटला. "माझी झोपायची वाट बघत होतीस ना तू?"

"व्हय."

"मारायचं होतं का तुला त्याला?"

"न्हाई गं माय, जगवायचं होतं."

"मग मला गर्मी झाली म्हणून का सांगितलंस? मी वहीत तसंच लिहिलंय! गर्मी! डॉक्टरांनी ती वही बघितली!" खडू घेऊन आली आन पिल्लाच्या पोत्याभोवती फरशीवर गोल रेघ मारली. "याच्या आत आजीनं यायचं न्हाई." मग बोलायचं बंद. सून म्हणली, "काय गं, आजीला असं बोलतात का?" मी म्हणले, राहू दे. रेघ बरोबर हाय.

दोन दिवस मी रेघेच्या बाहेर बसले. गुडघे दुखले पन हलले न्हाई. मनात तुझ्याशी बोलायले. रोज यष्टी, रोज सुई. चौथ्या दिवशी उलटी थांबली, आन ह्यावेळी माझ्या चुलीनं मधे तोंड घातलं न्हाई. काल, पाचव्या दिवशी, त्यानं डॉक्टरिणीच्या हाताचा वास घेऊन शेपूट हलवलं, एकदाच, तेबी अर्धं. ती पोरगी एवढी हसली! म्हणली, "धोका बराच टळलाय. उद्या सकाळपर्यंत उलटी नसेल तर भाताची पेज, पातळ, चार चमचे. गूळ नाही हं आजी." कंडक्टरला आमी चढायच्या आधीच कळलं, नातीच्या तोंडाकडं बघून. "पेशंटला आता तिकीट लागंल," म्हणला.

आज सकाळी मी पेज केली, गाळून गार केली आन वाटी रेघेच्या बाहेर ठेवून मागं सरकले. नात शाळेचा गणवेश घालून आली. वाटीत बोट घालून चाखलं तिनं, गूळ हाय का बघायला. मग पायानं खडूची रेघ पुसली, एकाच जागी, मानूस जाईल एवढी. चमचा माझ्या हातात दिला. "तूच दे. पन चारच. मी मोजणार." मी चमचा पुढं नेला तर तिनं माझं मनगट धरलं. एक, दोन, तीन, चार. पिल्लू अजून मागायलं, चमच्याला दात लावायलं. "बास रे," ती त्याला म्हणली, आन मला म्हणली, "रडू नको, पेज खारट व्हईल." नाव आता पिल्लूच राहनार हाय, दवाखान्याच्या कागदावर आलंय म्हणून. निवडलेले हरभरे मी आज भिजत घातले.

आता ते माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायलंय, म्हणून मी उठून भाजी टाकंना आन हे लांबत चाललंय. हा कागद कुठं टाकायचा न्हाई, तुला पत्ता न्हाई. पन डॉक्टरिणीपुढं जे एका दमात बोलून गेले, ते तुझ्यापुढं तू होतीस तवर जमलं न्हाई. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास ना, म्हणून तर अजूनच न्हाई जमलं. चारठाण्याचा तो शिरा कुत्रीनं न्हाई खाल्ला, माय. ती शेपूट हलवत उभी होती आन मी देवळाच्या खांबामागं बसून सगळा खाल्ला, डेचकं बोटानं पुसून. तू लय गोड केला होतास.